ऐकणे नेमके कुठे अडते? इलेक्ट्रोकॉक्लिओग्राफीविषयी

श्रवणतपासणी म्हटली, की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर ऑडिओग्राम येतो: कानांवर हेडफोन, हातात बटण, आणि आवाज ऐकू आला की ते दाबायचे. ही तपासणी उत्तम आहे आणि तिला पर्याय नाही, हे आधीच सांगून टाकते. मात्र तिच्यातून मिळणारे उत्तर हे कानाच्या पडद्यापासून मेंदूपर्यंतच्या सबंध मार्गाचे, आणि शिवाय त्या माणसाच्या लक्षाचे व सहकार्याचे, असे एकत्रित उत्तर असते. 4000 हर्ट्झचा स्वर 50 डेसिबलपर्यंत वाढवल्याशिवाय ऐकू येत नाही, एवढे ती सांगते. तो स्वर अंतर्कर्णातल्या, ध्वनी टिपणाऱ्या केसपेशींपाशी अडला, केसपेशी आणि श्रवणचेता (कानाकडून मेंदूकडे संकेत नेणारी नस) यांच्या जोडावर अडला, की चेतेत शिरल्यावर विस्कटला, हे तिच्यातून कळत नाही. इलेक्ट्रोकॉक्लिओग्राफी, म्हणजे अंतर्कर्णातून येणारे विद्युत संकेत मोजण्याची तपासणी, या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे. श्रवणतज्ज्ञ म्हणून मी ती करते, आणि तिच्याविषयी रुग्णांची व डॉक्टरांचीही जी निराशा होते, ती बहुतेक वेळा तिला भलताच प्रश्न विचारल्यामुळे होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

अंतर्कर्णात वीज आहे, आणि ती आवाज नसतानाही आहे, इथून सुरुवात करावी लागते. कॉक्लिया ही शंखासारखी वेटोळी घेतलेली नळी आतून तीन कप्प्यांत विभागलेली असते. मधल्या कप्प्यातील द्रवात, म्हणजे एंडोलिम्फमध्ये, पोटॅशियमचे प्रमाण फार जास्त असते. शरीरात पेशींच्या बाहेर असलेल्या द्रवांत साधारणपणे सोडियम अधिक आणि पोटॅशियम कमी असते, त्यामुळे हा अपवाद लक्षात राहण्याजोगा आहे. या कप्प्याच्या बाहेरच्या भिंतीवर स्ट्रिया व्हॅस्क्युलॅरिस नावाचा रक्तवाहिन्यांनी भरलेला पट्टा असतो. तो अखंड ऊर्जा खर्च करून हे पोटॅशियम आत सोडत राहतो आणि आजूबाजूच्या द्रवाच्या तुलनेत हा कप्पा सुमारे 80 मिलिव्होल्टने धन ठेवतो. गेऑर्ग फॉन बेकेशी यांनी 1952 मध्ये हा विद्युतदाब मोजून दाखवला. केसपेशींचा आतला भाग उलट ऋण असतो. म्हणजे केसपेशीच्या माथ्यावरच्या पातळ पडद्याच्या दोन बाजूंमध्ये सव्वाशे ते दीडशे मिलिव्होल्टचा फरक सदैव ताणलेला असतो. केसपेशी ज्याच्यावर बसलेल्या असतात तो खालचा पडदा आवाजाने हलला, की केसपेशीच्या माथ्यावरचे बारीक केस एका बाजूला झुकतात, त्यांच्या टोकांजवळची सूक्ष्म छिद्रे उघडतात आणि पोटॅशियम आत घुसते. केस दुसऱ्या बाजूला झुकले की छिद्रे मिटतात. ध्वनीचे विजेत रूपांतर होते ते या क्षणी. या प्रवाहाचा अगदी क्षीण अंश हाडातून आणि द्रवातून झिरपत बाहेर येतो. आपण मोजतो तो हा अंश.

बाहेर आलेल्या या संकेताचे तीन घटक धरले जातात. पहिला कॉक्लियर मायक्रोफोनिक, थोडक्यात सीएम. दिलेल्या ध्वनीच्या लहरीची तो जवळपास हुबेहूब नक्कल करतो आणि तो, बाह्य आणि आंतर अशा दोन प्रकारच्या केसपेशींपैकी, मुख्यतः बाह्य केसपेशींतून येतो. दुसरा समेटिंग पोटेन्शियल, म्हणजे एसपी. ध्वनी चालू असेपर्यंत मूळ रेषा एका बाजूला सरकलेली राहते, तो हा सरकाव. केसपेशींची छिद्रे उघडताना जितका प्रवाह वाढतो, तितका मिटताना कमी होत नाही, आणि या असमानतेतून एसपी निर्माण होतो. तिसरा म्हणजे श्रवणचेतेचा एकत्रित संकेत, अॅक्शन पोटेन्शियल किंवा एपी. क्लिकसारख्या अचानक आलेल्या आवाजाने चेतेतील हजारो तंतू जवळपास एकाच वेळी पेटून उठतात आणि त्यांची बेरीज एका टोकदार लहरीच्या रूपाने दिसते. मोठ्या आवाजाला ही लहर सुमारे दीड मिलिसेकंदात येते, आवाज लहान केला की लहर बुटकी होते आणि उशिरा येते. डोक्याच्या त्वचेवर इलेक्ट्रोड लावून आवाजाला श्रवणमार्गाचा विद्युत प्रतिसाद पाहणारी, ‘बेरा’ या नावाने जी तपासणी बऱ्याच जणांना ठाऊक आहे, तिच्या आलेखातली पहिली लहर आणि हा एपी एकच. फक्त बेरामध्ये ती डोक्याच्या त्वचेवरून, म्हणजे बरीच दुरून पाहिलेली असते.

या संकेतांचा शोध एका गैरसमजातून लागला, आणि तो गैरसमज आजही शिकण्यासारखा आहे. 1930 मध्ये अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे अर्नेस्ट ग्लेन वीव्हर आणि चार्ल्स ब्रे यांनी भूल दिलेल्या मांजराच्या श्रवणचेतेवर इलेक्ट्रोड ठेवला, तिथला संकेत अॅम्प्लिफायरने वाढवला आणि दूरच्या ध्वनिरोधक खोलीतील टेलिफोनच्या रिसीव्हरला जोडला. एकाने मांजराच्या कानापाशी बोलावे आणि दुसऱ्याने त्या खोलीत रिसीव्हर कानाला लावावा, तर शब्दन् शब्द कळत होता. चेता स्वतःच टेलिफोनच्या तारेप्रमाणे बोलणे वाहून नेते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पण एकटा चेतातंतू सेकंदाला हजार वेळाही सातत्याने पेटू शकत नाही, आणि इथे तर त्याहून कितीतरी उच्च वारंवारतेचे स्वर स्वच्छ उमटत होते. 1931 मध्ये एडगर एड्रियन यांनी शंका उपस्थित केली, की हा संकेत बव्हंशी कॉक्लियाचा असून तो चेतेपर्यंत केवळ पसरत आला असावा. मायक्रोफोनिक हे नाव या विचारातून रूढ झाले. पुढे स्पष्ट झाले, की वीव्हर आणि ब्रे यांनी दोन्ही गोष्टी एकत्र नोंदवल्या होत्या, मायक्रोफोनिकही आणि चेतेचा संकेतही. एका इलेक्ट्रोडवर दोन वेगवेगळ्या ठिकाणांचे संकेत मिसळून येतात आणि त्यांना वेगळे करणे हेच खरे काम असते. गेली नव्वदहून अधिक वर्षे या क्षेत्रातील माणसे तेच करत आली आहेत.

माणसाच्या कानातून असा संकेत प्रथम 1935 मध्ये स्वीडनमध्ये फ्रॉम, नायलेन आणि झॉटरमन यांनी मिळवला, तोही पडद्याला आधीपासून छिद्र असलेल्या रुग्णांच्या कानातून. त्यानंतर तीसेक वर्षे ही गोष्ट शस्त्रक्रियेच्या टेबलापुरतीच मर्यादित राहिली, कारण मायक्रोव्होल्टमधला संकेत शरीरातील बाकीच्या विद्युत गोंधळातून वेचून काढण्याचे साधन नव्हते. सरासरी काढणारे संगणक आले आणि चित्र पालटले. 1967 मध्ये जपानमध्ये योशिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तसेच फ्रान्समधील बोर्दो येथे पोर्तमन, ल बेर आणि आरां यांनी शस्त्रक्रियेविना नोंद घेण्याच्या पद्धती मांडल्या. सरासरीचे गणित सरळ आहे: तोच क्लिक पुन्हा पुन्हा देऊन प्रत्येक वेळची नोंद बेरजेत घालत गेले, की कानाचा संकेत दर वेळी त्याच जागी येत असल्यामुळे टिकतो, आणि गोंधळ दर वेळी वेगळा असल्यामुळे विरत जातो. मात्र तो विरतो वर्गमुळाच्या गतीने. शंभर नोंदींनी गोंधळ दहापट कमी होतो, पण आणखी दहापट कमी करायचा तर दहा हजार नोंदी लागतात. म्हणून सुरुवातीलाच मोठा संकेत मिळवणे हे नंतर कितीही वेळ सरासरी काढत बसण्यापेक्षा शहाणपणाचे ठरते, आणि संकेत किती मोठा मिळेल हे इलेक्ट्रोड कॉक्लियाच्या किती जवळ आहे यावर ठरते.

त्यासाठी तीन जागा आहेत. सर्वांत सोपी म्हणजे कानाची नळी: सोन्याचा पातळ वर्ख गुंडाळलेला स्पंजचा बोळा नळीत बसवतात, त्याच्यातूनच आवाज देतात आणि त्याच्यावरूनच संकेत घेतात. रुग्णाला त्रास काहीच नाही, पण संकेत जेमतेम एका मायक्रोव्होल्टच्या आसपास असतो. दुसऱ्या टोकाला सुईसारखा इलेक्ट्रोड; कानाचा पडदा बधिर करून त्याच्या खालच्या-मागच्या भागातून तो आत नेतात आणि मध्यकर्णाच्या आतल्या भिंतीवरच्या उंचवट्याला टेकवतात. तिथे दहापट किंवा त्याहूनही मोठा संकेत मिळतो, पण त्यासाठी कानाचे शल्यचिकित्सक लागतात आणि लहान मुलांना पूर्ण भूल द्यावी लागते. भुलेचा किंवा झोपेचा या संकेतांवर फारसा परिणाम होत नाही, ही त्यातली मोठी सोय.

माझा कल तिसऱ्या जागेकडे आहे, ती म्हणजे पडद्याची बाहेरची बाजू. बारीक लवचिक तार, तिच्या टोकाला मऊ बोंडूक, आणि ते वाहक जेलमध्ये भिजवलेले. आधी कान स्वच्छ करून पडदा नीट पाहून घ्यायचा. मग रुग्णाला कुशीवर झोपवून तार नळीच्या भिंतीला न घासता हळूहळू आत सरकवायची. पडद्याला टोक टेकले हे बहुधा दिसण्याआधी रुग्णच सांगतो: कानात काहीतरी भरल्यासारखे, दडे बसल्यासारखे वाटले. त्याच वेळी संगणकाच्या पडद्यावर इलेक्ट्रोडचा रोध एकदम खाली येतो आणि वेडीवाकडी नाचणारी रेषा शांत होते. त्यानंतर त्याच नळीत आवाज देणारा स्पंज बसवायचा, आणि तो बसवताना तार सरकू द्यायची नाही. या शेवटच्या टप्प्यावर निम्मी तपासणी बिघडते. नंतर रुग्णाला एकच विनंती, जबडा सैल सोडा आणि आवंढा शक्यतो गिळू नका. ती ऐकताच प्रत्येकाला आवंढा गिळावासा वाटतो, याला इलाज नाही.

संकेत वेगळे कसे करायचे, ही युक्ती मला आजही सुंदर वाटते. क्लिक दोन प्रकारे देता येतो: आधी पडदा आत ढकलणारा, किंवा आधी बाहेर ओढणारा. मायक्रोफोनिक ध्वनीची नक्कल करत असल्यामुळे क्लिक उलटवला की तोही उलटतो. एसपी आणि एपी उलटत नाहीत. म्हणून दोन्ही प्रकारच्या नोंदींची बेरीज केली की मायक्रोफोनिक गळून जातो आणि एसपी-एपी उरतात, तर वजाबाकी केली की मुख्यतः मायक्रोफोनिक हाती राहतो. पुढे एसपी आणि एपी यांनाही सोडवायचे असेल, तर क्लिकचा वेग वाढवत न्यायचा. चेतातंतूंना दोन ठिणग्यांच्या मध्ये विसावा लागतो, केसपेशींना तो लागत नाही. त्यामुळे वेग वाढला की एपी खचत जातो आणि एसपी जवळपास तसाच राहतो.

या तपासणीचे नाव ज्या आजारामुळे सर्वाधिक घेतले जाते, तो मेनिएरचा आजार. चक्कर, कानात आवाज आणि कमीजास्त होणारी श्रवणक्षमता यांचे मूळ मेंदूत नसून अंतर्कर्णात असू शकते, हे प्रॉस्पर मेनिएर यांनी 1861 मध्ये पॅरिसमध्ये मांडले. 1938 मध्ये लंडनमध्ये हॉलपाइक आणि केर्न्स यांना, आणि त्याच वर्षी जपानमध्ये यामाकावा यांना, अशा रुग्णांच्या मृत्यूनंतर तपासलेल्या कानांत मधला कप्पा एंडोलिम्फने फुगलेला आढळला. कप्पा फुगला की केसपेशींखालचा पडदा एका बाजूला कललेला राहतो, कंपनातील असमानता वाढते आणि एसपी मोठा होतो, असे यामागचे तर्कशास्त्र आहे. एसपीची उंची माणसागणिक आणि इलेक्ट्रोडगणिक बदलत असल्यामुळे ती एपीच्या उंचीशी ताडून पाहतात; हे गुणोत्तर 0.4 किंवा 0.5 च्या वर गेले, की बहुतेक ठिकाणी ते वाढलेले मानतात.

हे गुणोत्तर म्हणजे निदान नव्हे, हे मात्र ठासून सांगायला हवे. दोन झटक्यांच्या मधल्या काळात ते पुष्कळदा सामान्य येते. आजार जुना होऊन केसपेशी निकामी झाल्या, की मोजण्यासारखे फारसे उरतच नाही. शिवाय अंतर्कर्णाच्या वरच्या अर्धवर्तुळाकार नलिकेवरचे हाड विरळ झाले असेल, तर त्या पूर्णपणे वेगळ्या विकारातही ते वाढलेले दिसते. 2015 मध्ये बारानी सोसायटी या, तोल व चक्करेच्या विकारांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने इतर संस्थांसह मेनिएरच्या आजाराच्या निदानाचे जे निकष ठरवले, त्यांत झटक्यांचे स्वरूप आणि ऑडिओग्राम यांना स्थान आहे, इलेक्ट्रोकॉक्लिओग्राफीला नाही. मला हा निर्णय रास्त वाटतो. त्याहून मोठी अडचण आलेखावरच आहे. एसपी बहुधा स्वतंत्र लहर म्हणून दिसत नाही. एपीच्या उताराला सुरुवातीला जो लहानसा खांदा पडतो, तो एसपी. मूळ रेषा कुठे धरायची आणि त्या खांद्यावर खूण नेमकी कुठे करायची, हे तपासणारी व्यक्ती ठरवते. खूण केसभर पुढे सरकली तरी 0.38 चे 0.46 होऊ शकते, आणि अहवालात ‘सामान्य’च्या जागी ‘वाढलेले’ हा शब्द येतो. म्हणून दोन स्वतंत्र नोंदी एकावर एक बसल्याशिवाय मी गुणोत्तर लिहीत नाही, आणि आलेख न जोडता केवळ आकडा पाठवणाऱ्या अहवालावर माझा विश्वास बसत नाही.

जिथे ही तपासणी खरोखर निर्णायक ठरते ती जागा वेगळी आहे. काही बाळांच्या बेरामध्ये एकही लहर दिसत नाही. ढोबळ वाचन केले तर ते बाळ पूर्ण बहिरे ठरते. पण त्याच कानात मायक्रोफोनिक मात्र ठळक मिळतो, म्हणजे बाह्य केसपेशी कामात आहेत आणि ध्वनीचे विजेत रूपांतर होते आहे. खोळंबा त्यानंतर आहे. अर्नोल्ड स्टार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये या स्थितीला ऑडिटरी न्यूरोपथी हे नाव दिले. जन्मानंतर तीव्र कावीळ झालेली किंवा अतिदक्षता विभागात राहिलेली बाळे यात विशेष आढळतात, आणि काहींमध्ये कारण जनुकीय असते. ओटोफर्लिन या प्रथिनाचे जनुक बिघडले असेल, तर आंतर केसपेशी संकेत तयार करतात पण चेतेकडे सोपवू शकत नाहीत. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत जनुकोपचारानंतर अशा काही मुलांना ऐकू येऊ लागल्याचे दिसून आले. असा उपचार सुचवायचा, तर बिघाड जोडावर आहे की त्यापलीकडे, हे कळण्याला केवढे महत्त्व आहे हे वेगळे सांगायला नको.

बाह्य केसपेशी तपासण्यासाठी ओएई (ओटोअकॉस्टिक एमिशन) ही सोपी चाचणी आहे, मग मायक्रोफोनिक कशाला, असे कुणी विचारेल. ओएईमध्ये कानातून परत येणारा ध्वनी मोजतात, त्यामुळे मध्यकर्णात थोडे पाणी असले तरी तो हरवतो, आणि ऑडिटरी न्यूरोपथी असलेल्या काही मुलांत वयाबरोबर तो नाहीसाही होतो, पण मायक्रोफोनिक टिकून राहतो. तपासताना सावधगिरी एकच, पण फार मोलाची. मायक्रोफोनिकसारखी दिसणारी रेषा इअरफोनच्या विजेमुळेही उमटू शकते. म्हणून शेवटी आवाज नेणारी रबरी नळी बोटांनी दाबून धरायची आणि पुन्हा नोंद घ्यायची. ध्वनी थांबला आणि वीज तशीच चालू राहिली. आता रेषा सपाट झाली तर ती कानाची होती, आणि तशीच नाचत राहिली तर ती यंत्राची होती. एवढ्या साध्या पडताळणीवाचून लिहिलेले ‘मायक्रोफोनिक उपस्थित’ हे दोन शब्द एखाद्या बाळाची पुढची वाट बदलू शकतात.

कॉक्लियर इम्प्लांटच्या शस्त्रक्रियेत हा संकेत अलीकडे नव्या कामाला लागला आहे. थोडेफार ऐकू येणाऱ्या रुग्णाच्या कॉक्लियात इलेक्ट्रोडची तार सरकवताना त्या तारेच्याच टोकावरून मायक्रोफोनिक सतत ऐकत राहायचे, आणि तो अचानक घसरला तर हात थांबवायचा किंवा तार किंचित मागे घ्यायची, अशी ही पद्धत. घसरण प्रत्येक वेळी इजेचीच खूण असते असे नाही, कारण तारेचे टोक संकेताच्या उगमापलीकडे गेले तरी तो कमी होतो. त्यामुळे हा इशारा कितपत मानायचा याबद्दल शल्यचिकित्सकांत मतभेद आहेत. तरीही आतल्या ज्या गोष्टीचा शस्त्रक्रिया संपेपर्यंत पत्ता लागत नसे, ती आता चालू असतानाच ऐकू येते.

हल्ली मात्र सर्वाधिक विचारणा होते ती वेगळ्याच लोकांकडून. ऑडिओग्राम सामान्य, शांत खोलीत सगळे नीट कळते, पण चार माणसे एकदम बोलू लागली की शब्द हरवतात. 2009 मध्ये शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांवरच्या प्रयोगात दाखवले, की मोठ्या आवाजानंतर ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली तरी केसपेशी आणि चेता यांच्यातले बरेच जोड कायमचे तुटलेले असू शकतात, आणि तेव्हा चेतेची पहिली लहर बुटकी राहते. हे वाचून ‘माझा एपी मोजा’ म्हणत येणाऱ्यांची उत्सुकता मी समजू शकते. परंतु उंदरांच्या प्रयोगात लहर आधीची आणि नंतरची अशी ताडून पाहता येते; माणसाच्या बाबतीत ‘आधीची’ नोंद बहुधा नसतेच, आणि एपीची उंची डोक्याच्या आकारावर, स्त्री-पुरुष भेदावर आणि इलेक्ट्रोड पडद्यावर नेमका कुठे टेकला यावरही बदलते. एका माणसाच्या एका नोंदीवरून त्याचे जोड तुटलेत की शाबूत आहेत, हे आज सांगता येत नाही. अशा व्यक्तीला मी गोंगाटात शब्द ओळखण्याची चाचणी आधी करायला सांगते, कारण तिची तक्रार नेमकी त्या चाचणीत मोजली जाते, आणि कानात तार घालण्याची वेळ बहुतेकांवर येत नाही.